जुन्या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन बांधायचं की नाही? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा रोडला आमचं छोटं गॅरेज आहे आणि इंजिन बांधणं, म्हणजे ते खोलून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणं, हाच मुख्य धंदा. नागपुरात जुन्या स्पोर्ट्‌स कार मोजक्याच: ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेड४, पोर्शे बॉक्स्टर, पहिली ऑक्टाव्हिया आरएस, आणि एखाद्या हौशी माणसाकडे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. गाड्या थोड्या, पण मोबाइलवर येणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर.

१. भाऊ, गाडी ऑइल खाते. इंजिन खोलावं लागेल का?

आधी किती खाते ते सांगा. "लय खाते" हे माप नाही. गाडी सपाट जागी उभी करा, ऑइल मोजायच्या काडीच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटर चालवा आणि त्याच जागी, इंजिन बंद करून तितकाच वेळ थांबून पुन्हा बघा. जर्मन गाड्यांच्या जुन्या हँडबुकात हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालतो असं लिहिलेलं सापडेल. आपल्याकडचा मालक पाव लिटरलाच घाबरून फोन करतो.

मग ऑइल जातं कुठे ते शोधायचं. एक तर ते बाहेर गळतं, नाही तर वरून व्हॉल्व्ह सीलमधून उतरतं, किंवा ब्रीदरच्या (इंजिनातला वायू बाहेर काढणाऱ्या) पाइपातून हवेबरोबर ओढलं जातं. टर्बो असेल तर टर्बोच्या सीलमधूनही जातं. या सगळ्या गोष्टी इंजिन न उतरवता निस्तरता येतात. खालून, पिस्टनवरच्या रिंगांच्या बाजूने चढत असेल तरच खोलण्याचा विषय निघतो. ते ठरवायला प्रश्न २ आणि ३ वाचा.

२. सायलेन्सरमधून धूर येतो. रंगावरून काय समजायचं?

काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय: सेन्सर, इंजेक्टर, एअर फिल्टर बघा, इंजिनाला हात लावू नका. पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट आत जातंय. डिसेंबरच्या सकाळी दोन मिनिटं दिसणारी पांढरी वाफ मात्र सगळ्याच गाड्यांना येते, तिचं टेन्शन घेऊ नका.

निळा म्हणजे ऑइल. तो कधी येतो हे रंगापेक्षा महत्त्वाचं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एक झोत येऊन थांबला, किंवा लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर आला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील. जोर लावल्यावर, चढावर, सतत येत असेल तर रिंगांवर संशय घ्या.

बॉक्स्टरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहिली की थोडं ऑइल सिलिंडरात झिरपतं आणि सुरू करताना भसकन धूर येतो. तो आजार नाही. पण वर्धमाननगरच्या एका गिऱ्हाइकाची बॉक्स्टर रोज सुरू करताना इतका धूर ओकायची की शेजारच्यांनी एकदा पाण्याची बादली आणली. बाहेरगावच्या एका वर्कशॉपने "इंजिन गेलं" म्हणून मोठं कोटेशन हातात ठेवलं होतं. आम्ही थ्रॉटलकडे जाणारा पाइप सोडला तर आतून ऑइल बोटभर ओघळलं. हवा आणि ऑइल वेगळं करणारा जो डबा इंजिनावर असतो, त्याच्या आतला रबरी पडदा फाटला होता. डबा बदलला. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळून जायला आणखी दोन दिवस लागले, मग धूर गेला. ते इंजिन आजही न उघडलेलं आहे.

३. कॉम्प्रेशन टेस्ट केली, "ठीक आहे" म्हणाले. आता काय?

"ठीक आहे" कागदावर लिहून मिळत नाही. प्रत्येक सिलिंडरचा आकडा मागा. आणि टेस्ट कशी केली तेही विचारा, कारण चुकीच्या पद्धतीने केलेली टेस्ट चांगल्या इंजिनालाही बाद ठरवते. इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण भरलेली, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा फेरे.

आकडा १७० पाउंड की १८० यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक बघायचा. सगळे १६५ च्या आसपास असतील तर इंजिन म्हातारं आहे, आजारी नाही. पाच १८० आणि एक १३० असेल तर त्या एकात काहीतरी बिघडलंय. साधारण १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला की पुढे जायचं. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा टेस्ट करा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं भोक), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधला थर). आडव्या सिलिंडरात हे ऑइल एकाच बाजूला साचतं, त्यामुळे बॉक्स्टरला या युक्तीवर भरवसा ठेवू नका.

खरी टेस्ट लीक-डाउन. पिस्टन वर आणून, व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते गेजवर वाचायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर सुखाने झोपा. २० च्या वर गेलं तर कान लावा: हवा थ्रॉटलमध्ये फुसफुसते का (इनलेट व्हॉल्व्ह), सायलेन्सरमध्ये (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह), ऑइलच्या झाकणातून (रिंगा), की कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात (गॅसकेट किंवा चीर). इंजिन न उघडता ते कुठे दुखतंय हे इतकं स्पष्ट सांगणारी दुसरी टेस्ट मला माहीत नाही. ज्या गॅरेजकडे हे गेज नाही आणि तरीही जे खोलायला सांगतं, तिथून गाडी घेऊन निघा.

शेवटी प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून बोअरच्या भिंती बघायच्या. तिरप्या रेषांची होनिंगची (भिंत दगडाने बारीक घासल्याची) जाळी दिसली तर उत्तम. उभे ओरखडे दिसले तर फोटो काढून ठेवा, प्रश्न ८ ला लागतील.

४. इंजिनातून टकटक आवाज येतो. बेअरिंग असेल का?

टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज वरून येतो, बारीक आणि पटपट, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या (खालच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो तरी सगळे टॅपेट मिळून वाजतात. थंड इंजिनात दोन मिनिटं वाजून थांबला तर ऑइल बदलून बघा. बिगेंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा) आवाज खालून, जड, लोखंडावर हातोडी मारल्यासारखा. तो गरम झाल्यावर वाढतो, आणि मिस्त्रीने एकेका सिलिंडरचा इंजेक्टर क्षणभर बंद केला की ज्या सिलिंडरला आवाज दबतो तिथलाच बिगेंड. थंड असताना खडखड आणि गरम झाल्यावर गप्प, तो बहुतेक पिस्टनचा. त्याच्यावर वर्षं काढता येतात.

बिगेंड वाजत असेल तर गाडी चालवू नका. घरापर्यंतही नाही. सीताबर्डीपासून हिंगणा रोडपर्यंत "हळूहळू" आणलेल्या एका झेड४ चा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. बेअरिंगच्या कामात निपटलं असतं, ते अख्ख्या इंजिनावर गेलं. टो गाडी बोलवा.

५. ऑइल प्रेशरचा दिवा आयडलला लुकलुकतो.

आधी सेन्सरच्या जागी साधं घड्याळी गेज लावून खरं प्रेशर मोजा. जुना मिस्त्री लोकांचा ठोकताळा: दर हजार आरपीएमला दहा पाउंड. गरम इंजिनात याच्या बरंच खाली असेल तर चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवा. टीटी आणि ऑक्टाव्हिया आरएसच्या १.८ टर्बो इंजिनात ऑइल ओढणारी जाळी काळ्या गाळाने बुजणं ही नेहमीची गोष्ट आहे. जाळी साफ केली की प्रेशर परत येतं, फक्त बेअरिंगं तोवर खराब झालेली नसावीत. चेंबर उतरवलाच आहे तर एक-दोन बिगेंडच्या कॅप सोडून शेल (बेअरिंगच्या वाट्या) बघून घ्या. आणि मे महिन्यात कोणी पातळ ऑइल घातलंय का, तेही विचारा.

६. मे महिन्यात गाडी गरम होते. इंजिनाचं काम करावं लागेल का?

शंभरात नव्याण्णव वेळा नाही. आपल्याकडे मे अखेरच्या नवतपात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि त्या उन्हात जुन्या इंजिनाच्या आधी जुनी कूलिंग सिस्टिम हार मानते.

बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन टोकांना, उघड्या जाळ्यांच्या मागे असतात. सिव्हिल लाइन्समधल्या एका गाडीचा बंपर काढला तर दोन्ही बाजूंनी मिळून कडुनिंबाची पानं, पिंपळाच्या काड्या, एक चॉकलेटचा कागद आणि त्यावर वर्षानुवर्षांची धूळ पाण्याने भिजून बसलेली, अक्षरशः शेणाच्या गोवरीसारखी. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तर हवेला वाटच नव्हती. मालक मात्र हेड गॅसकेटच्या तयारीने आला होता. ब्रश आणि हलक्या पाण्याने साफ केलं, एक पंखा बंद होता तो बदलला, आणि तापमानाचा काटा जागेवर आला.

दुसरी आपल्याकडची खोड: "नागपुरात थर्मोस्टॅटची काय गरज" म्हणून तो काढून फेकणं. असं करू नका. इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त पडतं, ते भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. म्हणजे ज्या कामाची भीती होती तेच काम स्वतःच्या हाताने ओढवून घ्यायचं. बोअरवेलचं पाणीही रेडिएटरमध्ये घालू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

खरंच उकळली असेल, काटा लालमध्ये जाऊनही चालवली असेल, तर कूलंटच्या टाकीवर गॅस टेस्टर लावून जळालेला वायू येतो का बघा. येत असेल तर हेड उतरवायचं. सपाटपणा सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजायचा. बहुतेक हेडना ०.०५ ते ०.१ मिलीमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. कारण दूर न करता नुसतं फेसिंग करून (घासून सपाट करून) हेड बसवलं, तर पुढच्या मे मध्ये पुन्हा भेटू.

७. मिस्त्री म्हणतो "हाफ इंजिन करून टाकू, रिंगा बदलू." करावं का?

हाफ इंजिन म्हणजे खालचा भाग तसाच ठेवून नुसत्या रिंगा बदलणं. माझं स्पष्ट मत: स्पोर्ट्‌स कारला ते म्हणजे पैसे पाण्यात. यावर वाद घालणारे आहेत, आणि टेम्पो ट्रॅव्हलरसाठी त्यांचं बरोबरही असेल.

कारण समजून घ्या. बोअर झिजतो तो सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून उलटी फिरते, तिथे जास्त झिजतो, आणि गोल न राहता अंडाकृती होतो. अशा भोकात नवी गोल रिंग टाकली तर ती बसायला वेळ घेते, कधी बसतच नाही, आणि तुम्ही हजार किलोमीटरनंतर तोच निळा धूर बघता. शिवाय भिंती गुळगुळीत झालेल्या असतात. होनिंगशिवाय नवी रिंग त्यांच्यावर टिकत नाही. आणि जुन्या खालच्या भागावर नवं कॉम्प्रेशन आलं की आतापर्यंत निमूट असलेले बेअरिंग बोलायला लागतात.

मोजून बघा. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक उंचीवर आडवं-उभं. अंडाकृतीपणा आणि निमुळतेपणा कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल तर होनिंग आणि रिंगांवर भागतं, पण मग ते मोजून घेतलेलं काम झालं, अंदाजपंचे हाफ इंजिन नाही. नव्या रिंगेचं तोंडाचं अंतरही बोअरमध्ये घालून मोजायचं; ८० मिलीमीटरच्या बोअरला साधारण ०.३ मिलीमीटर. रिंग डब्यातून काढली आणि न मोजता बसवली, असं करणारा माणूस घाईत आहे.

उलट बाजूचा अपवाद: लीक-डाउनने फक्त व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं आणि बोअर कॅमेऱ्यात स्वच्छ दिसले, तर नुसतं हेडचं काम करायला माझी हरकत नाही.

८. माझ्या गाडीच्या ब्लॉकला बोरिंग होतं का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण येतो तो इंजिन उघडून टेबलावर पसरल्यावर.

ब्लॉक ओतीव लोखंडाचा असेल, उदाहरणार्थ ऑक्टाव्हिया आरएस किंवा पहिल्या टीटीचं १.८ टर्बो, तर नशीबवान आहात. ओव्हरसाइझ पिस्टन मिळाले तर बोरिंग करून, म्हणजे झिजलेलं भोक थोडं मोठं आणि गोल करून, पुढच्या मापाला जाता येतं. मात्र आधी पिस्टन हातात घ्या, मग बोरिंग करा. प्रत्येक पिस्टनचं माप घेऊन त्याप्रमाणे भोक काढायचं असतं. भोक आधी काढून पिस्टन शोधत बसलेल्या दोन गाड्या माझ्या ओळखीत आहेत.

ॲल्युमिनियम ब्लॉकचं गणित वेगळं. काहींमध्ये लोखंडी लायनर (आत बसवलेल्या नळ्या) असतात, ते सोपं. काहींच्या भिंतींवर निकासिल नावाचा कडक लेप असतो, तर काहींच्या धातूतच सिलिकॉनचे कण मिसळलेले असतात आणि पिस्टन त्या कणांवर चालतो. बॉक्स्टरच्या जुन्या इंजिनात अशीच सिलिकॉनची भिंत आहे. इथे नेहमीचा होनिंगचा दगड फिरवला तर कणांभोवतीचा मऊ धातू आणि कण दोन्ही ओरबाडले जातात आणि ब्लॉक कायमचा जातो. ओरखडे पडले असतील तर नवे लायनर किंवा नवा लेप, आणि दोन्ही खास वर्कशॉपचं काम.

झेड४ च्या २००६ नंतरच्या सहा सिलिंडरच्या एन५२ इंजिनाचा ब्लॉक बाहेरून मॅग्नेशियमचा आहे. त्याचे बोल्ट ॲल्युमिनियमचे असतात आणि एकदा सोडले की फेकायचे. स्टीलचे बोल्ट लावून कोणी "जुगाड" केला तर मॅग्नेशियम त्या जागी कुजतं. क्रँक ग्राइंडिंगचंही तसंच: क्रँकवर नायट्राइडचा कडक थर असेल तर ग्राइंडिंगने तो निघून जातो आणि पुन्हा कडक करून घ्यावा लागतो. लेथवाल्याला विचारा. तो थबकला तर तिथेच थांबा.

९. हे काम नागपुरात होईल का, की गाडी बाहेर पाठवावी?

अर्धं इथे, अर्धं बाहेर. विदर्भात कोळसा खाणी आणि ट्रान्सपोर्ट एवढं की आपल्याकडच्या लेथवाल्यांचा हात डिझेल ट्रकच्या लायनर आणि क्रँकवर बसलेला आहे. लोखंडी ब्लॉकचं बोरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग हिंगणा एमआयडीसीच्या परिसरात नीट होतं, फक्त ट्रकची सवय इथे चालणार नाही हे बजावून सांगावं लागतं. ट्रकला जी मोकळीक चालते ती सात हजार आरपीएम फिरणाऱ्या इंजिनाला चालत नाही. मी ब्लॉक देताना मापं चिठ्ठीवर लिहून देतो आणि परत घेताना स्वतःच्या गेजने मोजून घेतो. नाराज होतात, चहा पाजला की होतं.

लेप किंवा सिलिकॉनच्या भिंतींचा ब्लॉक असेल तर बाहेर. रेसिंग इंजिनं बांधणारी माणसं कोइम्बतूरकडे जास्त आहेत. ब्लॉक लाकडी पेटीत, ऑइल काढून, मशीन केलेल्या बाजूंना प्लाय लावून पाठवा. ट्रान्सपोर्टमध्ये आदळून हेडच्या बाजूला खळगा पडलेला ब्लॉक मी पाहिला आहे.

१०. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतोय. मूर्खपणा आहे का?

बाजाराच्या हिशेबाने हो. इंजिन बांधल्याने गाडीची किंमत खर्चाएवढी वाढत नाही. विकायची असेल तर खराब इंजिनासकट, खरं सांगून, विका.

ठेवायची असेल तर कोटेशन तीन भागांत मागा: पार्ट्‌स, लेथचं काम, मजुरी. इंजिन उघडल्यावरच कळणाऱ्या गोष्टींसाठी वर निम्मी रक्कम बाजूला ठेवा. वॉटर पंप, क्लच, टायमिंग चेन किंवा बेल्ट, रबरी पाइप, इंजिन माउंटिंग हे आत्ताच बदलायचे, कारण पुन्हा तिथे पोचायला तीच मजुरी पडते. एवढा सगळा आकडा बघूनही रविवारी सकाळी फुटाळा तलावावर जायची इच्छा टिकली, तर करा. टिकली नाही तर तेही उत्तरच आहे.

११. दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून वापरलेलं इंजिन आणलं तर?

स्वस्त आणि पटकन, पण तुम्ही एका अनोळखी इंजिनाच्या जागी दुसरं अनोळखी इंजिन आणताय. पैसे देण्याआधी प्लग काढून कॅमेरा घाला, ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चमकणारी, चुंबकाला न चिकटणारी तांबूस-चंदेरी कणी म्हणजे बेअरिंग. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरायला हवा. कॉम्प्रेशन नंतर बघू म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून नंतर काही बघायला मिळत नाही. इंजिन कोड तोच हवा, नुसती "सेम गाडी" पुरत नाही. बिलाशिवाय घेऊ नका, कारण पुढचा प्रश्न.

१२. इंजिन बदललं तर आरसीचं काय? आणि पंधरा वर्षं झालेली गाडी चालेल का?

तुमच्याच ब्लॉकमध्ये रिंग-पिस्टन, बेअरिंग बदललं तर इंजिन नंबर तोच राहतो, आरटीओकडे काही करायचं नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. तो बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर चढवून घ्यावा लागतो. एमएच ३१, ४९ किंवा ४०, जिथली गाडी तिथल्या कार्यालयात. न चढवता फिरवलं तर अपघातानंतर विमा कंपनी नंबर जुळवून बघते.

दिल्ली परिसरातले दहा-पंधरा वर्षांचे नियम आपल्याला लागू नाहीत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून आयात केलेल्या कारला नूतनीकरणाची फी ४०,००० रुपये आहे, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ पासून त्याहून जास्त. इंजिनावर खर्च करण्याआधी नोंदणी किती वर्षांची उरली ते आरसी काढून बघा. हे विसरणारे बरेच.

१३. बॉक्स्टरच्या "आयएमएस बेअरिंग"ची भीती वाटते. आधीच इंजिन उघडून ठेवू का?

नको. १९९७ ते २००८ पर्यंतच्या बॉक्स्टर आणि ९११ च्या बहुतेक इंजिनांमध्ये आतल्या मधल्या शाफ्टच्या (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस) टोकाला हे सीलबंद बेअरिंग आहे. ते तुटलं की टायमिंग जातं आणि इंजिन संपतं, म्हणून नाव ऐकूनच घाम फुटतो. साधारण २००५ पर्यंतच्या गाड्यांत ते गिअरबॉक्स आणि क्लच काढल्यावर मागून बदलता येतं, म्हणजे क्लचच्या कामाबरोबरच करून घ्या. २००६ ते २००८ च्या इंजिनात बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, पण केस फोडल्याशिवाय निघत नाही. तिथे ऑइल फिल्टर प्रत्येक वेळी कापून बघणं एवढंच करायचं. २००९ पासूनच्या इंजिनात हा शाफ्टच नाही, निश्चिंत राहा.

एसएलके ३५० वाल्यांनाही असाच एक रोग आहे: सुरुवातीच्या एम२७२ इंजिनात बॅलन्स शाफ्टची गिअर झिजते. दुरुस्तीला इंजिन खाली उतरवावं लागतं, मात्र रिंग-पिस्टनला हात लावायची गरज नसते. "उतरवलंच आहे तर सगळं करू" या मोहात पडण्याआधी प्रश्न ३ च्या टेस्ट करा.

१४. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात गाडी बेसमेंटमध्ये बुडाली होती. तेव्हापासून उभी आहे. इंजिन गेलं का?

अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट भागातून हा प्रश्न अजूनही येतो. सगळं एका गोष्टीवर अवलंबून: पाणी उतरल्यावर कोणी किल्ली फिरवली का? पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड इंजिन सुरूही करून देईल, मग काही महिन्यांनी तुटेल. ओळखायचं कसं? प्रत्येक पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून त्याची उंची मोजा. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबत असेल तर रॉड वाकलाय.

किल्ली फिरवली नसेल तरी इतके महिने पाणी आत राहिलं असेल तर रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. तेव्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करता थेट प्रश्न १५ ची पद्धत. विम्याबद्दल: साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान बहुधा येत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. झिजून गेलेलं इंजिन कुठल्याच पॉलिसीत येत नाही.

१५. गाडी फक्त ४०,००० किलोमीटर चालली आहे, पण सहा वर्षं उभी आहे. बॅटरी लावून सुरू करू?

थांबा. कमी किलोमीटरचा अभिमान इथे कामाचा नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल टाका आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. फिरलं तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ऑइल आणि फिल्टर बदला, टायमिंग बेल्ट असेल तर वयामुळेच बदला, प्लग न लावता स्टार्टरने फिरवून ऑइल प्रेशर चढू द्या, मगच सुरू करा. सुरुवातीला ऑइल खाईल, धूर येईल. पाचशे-सातशे किलोमीटर चालवून मग टेस्ट करा. चिकटलेल्या रिंगा बऱ्याचदा सुटतात. त्या आधी खोलायचा निर्णय घेऊ नका.

१६. ई२० पेट्रोलमुळे इंजिन खराब झालं का?

क्वचितच. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुने रबरी पाइप, सील, पेट्रोल पंप यांना इथेनॉल झोंबतं, ते बदला. दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाण्याची ओल धरू देऊ नका. रिंगा आणि बेअरिंगं मात्र ई२० येण्याच्या आधीच झिजलेली असतात, खापर नव्या पेट्रोलवर फुटतं.

१७. इंजिन बांधून झालं. आता समृद्धीवर पळवू का?

समृद्धी सगळ्यात वाईट. तिथे १०० वर काटा ठेवून तासभर एकाच आरपीएमला चालवता, आणि त्यानेच भिंती गुळगुळीत होऊन नव्या रिंगा नीट बसत नाहीत. रिंगा बसतात त्या दाबाने: मध्यम जोर लावा, सोडा, पुन्हा लावा. काटोल रोडने फेटरीच्या पुढे, गिअर बदलत, चढ-उतार घेत जा. आयडलला उभी ठेवून "रनिंग" करू नका. आम्ही पहिली भरणी साध्या मिनरल ऑइलची घालतो आणि पहिल्या काहीशे किलोमीटरला काढतो. ते ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हात धरून बघा. थोडी चमक चालते, दाणे चालत नाहीत. हजार-दीड हजार किलोमीटरनंतर दोरी सोडा, आणि कॉम्प्रेशनचे नवे आकडे लिहून ठेवा. पुढच्या वेळी याच आकड्यांशी जुळवायचं आहे.

१८. आवाजाचा व्हिडिओ पाठवला तर फोनवर सांगाल का?

अंदाज सांगेन, पण व्हिडिओ नीट काढा. मोबाइल पंख्यासमोर धरून काढलेल्या व्हिडिओत पंखाच ऐकू येतो. रात्रभर थंड असलेली गाडी, बोनेट उघडं, किल्ली फिरवल्यापासून तीस सेकंद. मग सायलेन्सर मागून. मग गरम झाल्यावर आयडलला ऑइलचं झाकण काढून, फसफस किती येते ते दिसेल असं, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) कळतं. सोबत काडीचा फोटो आणि किलोमीटर. रेडिओ बंद ठेवा, भाऊ.